एका पिकअपची हातघडणीची गिटार: तिच्यातून किती आवाज निघतात ते कसं तपासायचं

बॉडी मिस्त्रीकडून कापून घेऊन बाकीची जुळणी घरी केलेली असो, की लाकूड निवडण्यापासून सगळं स्वतः केलेलं असो, एकच पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा, चुंबक आणि कॉइलचा भाग) असलेली इलेक्ट्रिक गिटार अँपला जोडली की थोड्याच दिवसांत एक प्रश्न डोकं वर काढतो: आणखी एक पिकअप टाकायला हवा होता का? ऑर्केस्ट्रात वाजवणारे मित्र तो पहिल्याच भेटीत विचारतात. माझं सांगणं एवढंच आहे की लगेच राउटर (लाकडात खाच पाडणारं यंत्र) चालवू नका. बॉडीत पाडलेली खाच पूर्वीसारखी भरून येत नाही. आहे त्या पिकअपमधून काय काय निघतं हे आधी नीट, क्रमाने तपासा. त्यानंतर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा वेगळा असतो आणि स्वस्तही.

एका पिकअपची गिटार म्हणजे अर्धी राहिलेली गिटार, ही समजूत आधी सोडा. फेंडरने १९५० साली आणलेली एस्क्वायर एका पिकअपची होती. गिब्सनची लेस पॉल ज्युनिअर १९५४ साली आली, ब्रिजजवळ (बॉडीवर तारा टेकतात तिथे) एकच पी-९०, म्हणजे एका कॉइलचा पिकअप, घेऊन. एडी व्हॅन हेलनने सुटे भाग जोडून स्वतः बनवलेली गिटार १९७८ च्या पहिल्या अल्बमवर ऐकू येते, तिच्यावर कामाचा हंबकर (घरघर मारणारा दोन कॉइलचा पिकअप) एकच आणि नॉबही एकच, व्हॉल्यूमचा. ही माणसं वेगवेगळे आवाज काढायची ती हाताने आणि नॉबने. तेच आपल्याला तपासायचं आहे.

आपल्याकडे तर ही तपासणी जास्तच गरजेची आहे. सोलापुरात एकाच कार्यक्रमात मराठी भावगीत, हिंदी फिल्मी गाणं, लावणी आणि मध्येच तेलुगू किंवा कन्नड फर्माईश येऊ शकते. दोन गाण्यांमध्ये गिटार बदलायला वेळ नसतो. ही एकच गिटार ती संध्याकाळ निभावून नेईल का, हा खरा प्रश्न.

जवळ काय काय हवं

- नव्या तारांचा एक संच. १०–४६ जाडीचा बहुतेकांना चालतो.
- ट्युनर. फोनवरचा चालेल, पण हेडस्टॉकला (नेकचं खुंट्यांचं टोक) चिमट्याने लावायचा असेल तर गोंगाटातही काम होतं.
- डिजिटल मल्टिमीटर.
- फीलर गेज. गिटारच्या दुकानात मिळाला नाही तरी अडत नाही. टू-व्हीलरचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तोच, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो.
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी.
- ट्रस रॉडची (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) आणि सॅडलची (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) अ‍ॅलन की, लहान स्क्रू ड्रायव्हर, मास्किंग टेप.
- पातळ, मध्यम आणि जाड असं एकेक पिक.
- तीनेक मीटरची चांगली केबल. फार लांब केबल तिखटपणा खाते आणि दोष गिटारला लागतो.
- क्लीन (स्वच्छ) आणि ड्राइव्ह (फाटलेला) असे दोन्ही आवाज देणारा अँप.
- एक वही.

कागदांपैकी पिकअपच्या खोक्यात आलेला वायरिंगचा कागद जपून ठेवा. चार तारांच्या हंबकरमध्ये कोणत्या रंगाची तार कोणत्या कॉइलची, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कागद हरवला की पुढचं काम अंदाजाने करावं लागतं.

१. आधी वहीत गिटारची ओळख लिहा

लाकूड कोणतं, स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) किती, पिकअपचा प्रकार, पॉटचा (नॉबखालचा बदलता रोध) किलोओममधला आकडा, टोन नॉबच्या कपॅसिटरवरचा आकडा, तारांची जाडी आणि ब्रिजच्या सॅडलपासून पिकअपच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये. हे शेवटचं अंतर बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि आवाजाच्या दृष्टीने तेच सगळ्यात बोलकं आहे. का, ते पाचव्या पायरीत येईल.

२. वाद्य म्हणून ती नीट आहे का ते बघा

बेसूर गिटारवर आवाजाची चाचणी घेणं व्यर्थ आहे. नव्या तारा लावा, हलक्या हाताने ताणून पुन्हा सुरात आणा, सूर उतरायचे थांबेपर्यंत.

मग नटपासून (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा. साडेपंचवीस इंची स्केल म्हणजे ६४८ मिमी, तेव्हा हे अंतर ३२४ मिमी यायला हवं. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत बारीक तारेला जवळजवळ तेवढंच आणि जाड तारेला काही मिलिमीटर जास्त. हातघडणीच्या गिटारमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच असते: ब्रिज पुढे-मागे बसलेला असतो आणि सॅडल शेवटपर्यंत सरकवूनही सूर जुळत नाही. तसं असेल तर पिकअपचा विचार सोडा, आधी ब्रिज हलवा.

सूर तपासायला बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर, दोन्ही ट्युनरवर बघा. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मागे, नेकपासून दूर न्या. उतरता लागला तर पुढे आणा. बारावा बरोबर पण पहिले दोन-तीन फ्रेट चढे लागत असतील तर नटच्या खाचा उंच राहिल्या आहेत. कॉर्ड खाली वाजवली की खटकते आणि वर गोड लागते, ही तक्रार याचीच.

नेकचा बाक बघायला जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फीलर गेज सरकवा. ०.२ ते ०.२५ मिमी ठीक. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेला २ मिमी आणि बारीक तारेला दीड मिमीच्या आसपास, ही सुरुवात म्हणून चांगली. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.

वैशाखात इथे पारा चाळिशीच्या पार जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या गिटारचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येतात आणि हाताला टोचतात. पावसाळ्यात तीच नेक पुन्हा फुगते. नव्या लाकडाच्या पहिल्या वर्षात हे जास्त होतं, म्हणून मोजलेले आकडे वहीत तारखेसकट लिहा. उन्हाळ्यात घेतलेली चाचणी आणि श्रावणात घेतलेली चाचणी यांत फरक पडला तर पिकअपला दोष देण्याआधी हे पान उघडा.

फ्रेटवर तार घासून जो झणझण आवाज येतो तो अँपमध्ये उतरतो का ते वेगळं ऐका. सतारीत जवारी मुद्दाम काढतात, तिच्यात त्या वाद्याचा जीव असतो. इथे मात्र ती टिकाव खाते. अँपशिवाय थोडी झणझण ऐकू येऊन अँपमधून स्वच्छ येत असेल तर चालेल.

३. मल्टिमीटर लावा

केबल गिटारला जोडा, दोन्ही नॉब पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर २० किलोओमवर ठेवून मोजा. साधा सिंगल कॉइल साधारण ५.५ ते ७ किलोओम, पी-९० साधारण ७ ते ९, जुन्या धाटणीचा हंबकर ७.५ ते ९ आणि तगडा हंबकर त्याच्या वर, १४–१६ पर्यंतही जातो. आकडा थोडा कमी दिसेल, कारण पिकअपला समांतर पॉटही मोजला जातो.

शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. २० किलोओमच्या रेंजवर काहीच येईना म्हणून रेंज वाढवली आणि आकडा २५० किंवा ५०० किलोओमच्या जवळ आला, तर पिकअपची तार सुटली आहे आणि तुम्ही नुसता पॉट मोजताय. नवख्यांना हा आकडा बघून पिकअप फारच ताकदवान आहे असं वाटतं.

आता मीटर बीपवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावा. बीप वाजला पाहिजे. नाही वाजला तर ब्रिजखालची अर्थिंगची तार राहून गेली आहे. हे काम पुढे ढकलू नका.

४. घरघर कुठून येते ते शोधा

भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुणही त्याच सुरात आणि त्याच्या पटीत. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर शेजारी यंत्रमागाच्या मोटारी चालू असताना आणि बंद असताना अशा दोन्ही वेळी ऐकून बघा, फरक कळेल. घरातला जुना चोकचा ट्यूबलाइट, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर हे तीन नेहमीचे संशयित. चाचणीच्या वेळी पंखा बंद ठेवा, उकडलं तरी.

व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर ती अँपची, केबलची किंवा खोलीच्या वायरिंगची. व्हॉल्यूम उघडल्यावर वाढली तर गिटारची. तारांना हात लावला की कमी होते? ठीक आहे, वायरिंग बरोबर. हात लावल्यावर वाढते? मग जॅकवर गरम (सिग्नलची) आणि अर्थ या तारा उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी. खुर्चीत बसून स्वतः हळूहळू गोल फिरा: एका दिशेला घरघर जवळजवळ गायब होत असेल तर ती चुंबकीय आहे, कॉइलमध्येच शिरते. तांब्याची पट्टी चिकटवून ती जात नाही. पट्टी चर्रचर्र आवाजाला उपयोगी, या गुणगुणीला नाही. हे न कळल्यामुळे लोक अख्खी गिटार आतून मढवतात आणि हिरमुसतात.

एक गोष्ट आवाजाची नाही, जिवाची आहे. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँपची तीन पिनांची वायर कापून दोन पिनांची करू नका, घरघर कमी झाली तरी नाही. मांडवात किंवा मंडळाच्या स्टेजवर जोडण्याआधी सॉकेटमध्ये मीटर लावून बघा: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. मीटर काही भलतंच दाखवत असेल तर वाजवायचं नाही. गिटारवर हात आणि माइकला ओठ, दोन्ही वेगवेगळ्या लाइनवर, यात माणसं दगावली आहेत.

५. उजवा हात: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

अँप क्लीन, सगळे टोन मधोमध, रिव्हर्ब बंद, गिटारचे दोन्ही नॉब पूर्ण उघडे. आता फक्त हात बदलायचा. अँपला हात लावायचा नाही.

एक सुटी तार घ्या, डी किंवा जी. पहिल्यांदा ब्रिजपासून दोन-तीन सेंटीमीटरवर छेडा, मग बरोबर पिकअपवर, मग नेकच्या शेवटच्या फ्रेटवर आणि शेवटी बाराव्या फ्रेटवर. पिकअप तोच, तार तीच, तरीही ब्रिजपाशी धारदार, पत्र्यासारखा आवाज येईल आणि नेकवर गोल, भरीव. बाराव्या फ्रेटवर थोडा पोकळ, बासरी-क्लॅरिनेटच्या अंगाने जाणारा. कारण साधं आहे. तार जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकची (मूळ स्वरासोबत निघणारा त्याच्या पटीतला स्वर) गाठ, म्हणजे न हलणारी जागा, असते तो हार्मोनिक निघत नाही. मधोमध छेडली की दुसरा, चौथा, सहावा हे सम हार्मोनिक गळतात. सतारवादकाची मिझराबही जवळ-दूर सरकते ती याच कारणाने. आपल्याकडच्या माणसाला हे कानाने कळतं, गिटारवर करायची सवय तेवढी नसते.

पिकअपलाही हाच नियम लागू आहे. ६४८ मिमी स्केलवर पिकअप ब्रिजपासून १६२ मिमीवर बसवला असेल, म्हणजे चोविसाव्या फ्रेटच्या जागी, तर सुट्या तारेचा चौथा हार्मोनिक त्याला ऐकूच येत नाही. पण डावा हात वर सरकला की तारेची लांबी बदलते आणि गाठही सरकते. बाराव्या फ्रेटला दाबल्यावर तोच पिकअप उरलेल्या तारेच्या बरोबर मधोमध येतो. म्हणून नेकजवळ पिकअप असलेली गिटार खालच्या फ्रेटला एक आणि वरच्या फ्रेटला दुसरंच बोलते. तुमचा पिकअप ब्रिजजवळ, साधारण चार-पाच सेंटीमीटरवर असेल तर हा फरक कमी जाणवेल, पण खर्ज थोडा बारीक वाटेल. मधे बसवलेला पिकअप दोन्हीकडचं थोडंथोडं देतो. पहिल्या पायरीत अंतर लिहायला लावलं ते यासाठी. तुमच्या गिटारची खोड त्या एका आकड्यात बरीचशी दिसते.

जागा झाल्या की साधन बदला. पातळ पिक, जाड पिक, पिक तिरका धरून, नुसता अंगठा, नखं, बोटांचं मऊ टोक. मग तळहाताची कड ब्रिजवर टेकवून दबका आवाज. प्रत्येकात अगदी हळू आणि अगदी जोरात असं दोन्ही वाजवा. हळू वाजवल्यावर आवाज नुसता लहान होतो की मऊही होतो, हे नीट ऐका. चांगल्या पिकअपमध्ये तो मऊ होतो. ज्या पिकअपमध्ये हळू आणि जोरात दोन्ही सारखंच चेपटं लागतं, त्या गिटारकडून विविधता काढणं अवघड जाईल. मात्र आधी सातवी पायरी करा, कारण उंची चुकली असली तरी असंच होतं.

शेवटी मींड. जी तार सातव्या फ्रेटवरून दीड स्वर खेचा आणि सावकाश खाली आणा. स्वर मधेच बारीक होतो का? तार पिकअपच्या एका खांबावरून सरकून दोन खांबांच्या मधे गेली की काही पिकअपमध्ये आवाज पडतो. भावगीताच्या मधल्या तुकड्यात किंवा रागाच्या अंगाने आलाप घेताना हे लगेच उघडं पडतं.

६. दोन नॉबमध्ये काय काय दडलंय

अँप ड्राइव्हवर ठेवा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना लीडसारखा फाटेल इतका. आता अँप विसरा आणि एकच कॉर्ड नॉबच्या १० वर, ७ वर, ४ वर आणि २ वर वाजवा. १० वर लीड, ७ वर खरखरीत रिदम आणि ३-४ वर जवळजवळ स्वच्छ आवाज मिळाला, तर तुमच्याकडे तीन चॅनेल आहेत आणि तेही करंगळीच्या टप्प्यात. हीच एका पिकअपच्या गिटारची खरी दौलत, आणि लोक नॉब कायम दहावर ठेवून ती वाया घालवतात.

इथे दोन सापळे आहेत. पहिला पॉटचा. रेडिओ-टीव्हीचे पार्ट विकणाऱ्या दुकानात नुसतं पाचशेचा पॉट द्या म्हटलं की अनेकदा बी छापलेला, म्हणजे सरळ चढणारा पॉट हातात पडतो. तो दहापासून तीनपर्यंत फारसं काही करत नाही आणि मग एकदम आवाज पाडतो. व्हॉल्यूमला ए छापलेला, लॉग पॉट मागा. सिंगल कॉइलला २५० किलोओम आणि हंबकरला ५०० ही चालत आलेली जोडी. हंबकरवर २५० टाकला तर तो झाकल्यासारखा वाटतो.

दुसरा सापळा म्हणजे व्हॉल्यूम कमी केला की तिखटपणाही जातो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. याला उपाय आहे, तोही अगदी स्वस्त: व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओमचा रेझिस्टर समांतर जोडायचा. आधी मगरचिमट्यांनी तात्पुरता जोडून ऐका. काहींना तो बदल फार पातळ वाटतो, विशेषतः ज्यांना ७ वरचा गढूळ रिदमच हवा असतो.

टोनचा नॉब १०, ६, ३ आणि शून्यावर ऐका, क्लीनवरही आणि ड्राइव्हवरही. ६ ते ३ च्या मधे काही बदलतच नसेल आणि शून्यावर एकदम चिखल होत असेल, तर कपॅसिटर बदलून बघा. ४७३ छापलेला म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, २२३ म्हणजे ०.०२२. लहान आकड्याचा लावला की शून्यावरही आवाज उघडा राहतो आणि नॉबचा पूर्ण फेरा कामाला येतो. दोन-तीन आकड्यांचे कपॅसिटर मगरचिमट्याने लावून ऐकल्याशिवाय सोल्डर करू नका.

आणि एक जमवण्यासारखी गोष्ट: व्हॉल्यूम शून्यावर, स्वर छेडा आणि करंगळीने नॉब उघडत न्या. छेडल्याचा टोला नाहीसा होतो आणि स्वर गजावर ओढल्यासारखा फुलतो. व्हायोलिनवाला नसलेल्या कार्यक्रमात याने मोठी जागा भरून निघते. हे करंगळीला जमत नसेल तर नॉब लांब बसला आहे. नव्या गिटारला खाच पाडताना हे लक्षात ठेवा.

७. पिकअपची उंची

बाहेरच्या दोन्ही तारा शेवटच्या फ्रेटला दाबा आणि तार ते पिकअप अंतर मोजा. जाड तारेकडे अडीच मिमी, बारीक तारेकडे दोन मिमी अशी सुरुवात करा. मग स्क्रूचा अर्धा-अर्धा फेरा वर-खाली करून ऐका. जवळ आणला की ताकद वाढते, दूर नेला की हवा आणि बारकावे वाढतात. विविधता हवी असेल तर थोडा खालीच बरा, ताकद अँपवर वाढवता येते.

सिंगल कॉइलचं चुंबक फार जवळ आलं तर जाड तारेला बाराव्या फ्रेटच्या वर दोन स्वर एकमेकांत भांडल्यासारखे लहरतात आणि ट्युनर स्थिर होत नाही. नेकला किंवा फ्रेटला नावं ठेवण्याआधी पिकअप खाली करा. कान असलेल्या झाकणाचा पी-९० मात्र स्क्रूने वर-खाली होत नाही, त्याच्याखाली पातळ पट्टी घालावी लागते.

८. अँप, मिक्सर, पेडल

एकाच अँपवर निकाल देऊ नका. निदान दोन अँपवर ऐका, आणि कार्यक्रमात गिटार सरळ मिक्सरला जाणार असेल तर तिथेही. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला पॅसिव्ह गिटार जोडली की आवाज मेलेला लागतो. त्या इनपुटचा रोध कमी असतो आणि तो पिकअपला दाबतो. गिटारला साधारण एक मेगाओमचं इनपुट लागतं. डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) किंवा बफर असलेलं एखादं पेडल मधे घाला. साउंडवाल्याला आधी फोन करून "दादा, डीआय आहे का?" एवढं विचारा.

पेडल सगळ्यात शेवटी. आधीच लावली तर तुम्ही पेडल तपासताय, गिटार नाही.

९. आता कामाला जुंपा

सुटे आवाज ऐकून झाले. खरी परीक्षा कामाची. एक यादी करा आणि दर कामाला वहीत "चाललं", "धकेल" किंवा "नाही" असं लिहा. गुण देत बसू नका, सरासरीत सगळं लपून जातं.

माझी यादी अशी असते: भावगीताची बोटांनी छेडलेली संथ साथ. लावणीच्या ठेक्यावर कोरडे, तुटक कॉर्ड. जुन्या हिंदी गाण्यातला कंपनाचा लीड. जाझच्या अंगाचे चार स्वरांचे जड कॉर्ड. ब्लूज. दबक्या आवाजातला जोरकस रॉक. आणि तेलुगू फिल्मी गाण्यात कीबोर्डच्या मागे नुसता चमकणारा रिदम. प्रत्येक कामासाठी छेडायची जागा, साधन आणि दोन्ही नॉब कुठे ठेवले ते लिहा. उदाहरणार्थ, ब्रिजजवळच्या एका हंबकरवर जाझचे जड कॉर्ड: अंगठा, शेवटच्या फ्रेटवर, व्हॉल्यूम ६, टोन २. अस्सल होणार नाही, पण धकेल. लावणीचा ठेका: मध्यम पिक, ब्रिजच्या अलीकडे, व्हॉल्यूम ७, टोन १०, तळहात टेकवलेला. हा उत्तम चालतो.

एकट्याने वाजवून समाधान मानू नका. हार्मोनियम, ढोलकी, कीबोर्ड यांच्यासोबत वाजवा. खोलीत भरीव वाटलेला आवाज कीबोर्डमध्ये बुडतो आणि खोलीत कर्कश वाटलेला ब्रिजचा आवाज तिथे नेमका ऐकू येतो. हे ज्याने त्याने अनुभवावं असंच आहे.

१०. दुसऱ्याच्या कानाने ऐका

बनवणाऱ्याचा कान आपल्या वाद्यावर माया करतो. एखाद्या जाणत्याला पाठ करून बसवा, तेच चार सूर वेगवेगळ्या पद्धतीने वाजवा आणि त्याला विचारा, पिकअप किती आहेत असं वाटतं? जागा आणि नॉब नीट वापरले असतील तर उत्तर "दोन तरी असतील" असं येऊ शकतं.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर एक सावधगिरी: फोन स्वतःच हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज लहान करतो, त्यामुळे पाचव्या आणि सहाव्या पायरीतला सगळा फरक सपाट होतो. आपोआप लेव्हल बंद करता येणारं अ‍ॅप वापरा किंवा ऑडिओ इंटरफेस मागून आणा.

११. मग बदल, पण स्वस्तापासून महागाकडे

"नाही" लिहिलेली कामं एक-दोनच असतील आणि ती तुम्हाला क्वचित करावी लागत असतील, तर गिटारला हात लावू नका. जास्त असतील तर या क्रमाने जा.

कपॅसिटर आणि व्हॉल्यूमवरची ती छोटी जोडणी सगळ्यात आधी. त्यानंतर पॉट. चार तारांचा हंबकर असेल तर दोन कॉइल एकामागे एक की समांतर, हे बदलणारा एक छोटा टॉगल लावा. समांतर केल्यावर मीटरवर आकडा जवळजवळ चौथाई होतो, आवाज हलका आणि चकचकीत होतो आणि घरघर मात्र येत नाही. एक कॉइल बंद करायची पद्धतही आहे, तिच्यात आकडा निम्मा होतो पण घरघर परत येते. यंत्रमागाशेजारी राहणाऱ्याने समांतरच निवडावं.

सिंगल कॉइल असेल तर एस्क्वायरची युक्ती करा: तीन जागांचा स्विच, एका जागी टोन नॉब पूर्ण वगळलेला, मधल्या जागी नेहमीसारखा आणि तिसऱ्या जागी कपॅसिटरने कायमचा मऊ केलेला. टोन वगळलेल्या जागी पिकअप थोडा जास्त उघडतो, ते लीडला कामी येतं. कंट्रोलच्या खाचेत जागा असेल तर लाकूड कापावंही लागत नाही.

यानंतर पिकअप बदला. आणि दुसरा पिकअप अगदी शेवटी, तोही गिटारने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर. तेव्हा नेकचा सांधा बॉडीत किती आत आला आहे आणि ट्रस रॉडचं टोक कुठे संपतं, हे दोन्ही मोजून पेन्सिलीने बॉडीवर आखा, मिस्त्रीला समोर बसवून दाखवा आणि खाच किती खोल न्यायची ते त्याला आकड्यात सांगा. काम चालू असताना आधीच्या पिकअपवर मास्किंग टेपचे दोन थर लावून ठेवा, कारण कारखान्यातला लोखंडाचा बारीक कीस चुंबकाला चिकटला की तो पुरता निघत नाही.